देणे आणि देणे लागणे : एका क्रियापदाचा अभ्यास

शाळेच्या स्मरणिकेत दोन याद्या हमखास असतात. एक माजी विद्यार्थ्यांची आणि दुसरी देणगीदारांची. पहिली यादी वाचताना डोळे ओळखीचे नाव शोधतात. दुसरी बहुधा नुसती चाळली जाते. नावापुढे रक्कम असते, रकमेपुढे कधी ‘कालकथित मातोश्रींच्या स्मरणार्थ’ अशी ओळ असते. रकमांची बेरीज करण्याचे काम खजिनदारांचे. भाषेच्या शिक्षकाचे लक्ष मात्र यादीवरच्या मथळ्याकडे आणि त्या मथळ्यातील क्रियापदाकडे जाते. या मंडळींनी शाळेसाठी जे केले, त्याला म्हणायचे काय? अर्थसाहाय्य केले, मदत केली, मुले दत्तक घेतली, विद्यार्थी पुरस्कृत केले, खर्च उचलला, की नुसतेच दिले?

हा प्रश्न केवळ शब्दांचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. मला तसे वाटत नाही, आणि त्याला एक जुने कारण आहे. मी प्राथमिक शाळेत असताना वर्षाच्या आरंभी गुरुजी हजेरी घेऊन झाल्यावर म्हणत, “फी माफ असलेले उभे राहा.” आम्ही सातआठ जण उभे राहत असू. नावे लिहून घेईपर्यंत उभे राहावे लागे. पुढे मराठीचा अभ्यास करताना ‘माफ करणे’ या क्रियापदापाशी मी थबकलो. माफ केला जातो तो अपराध, माफ केली जाते ती शिक्षा. आमचा अपराध कोणता होता? फी भरण्याजोगे पैसे घरात नसणे, एवढाच. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हते. सरकारी कागदावर जे क्रियापद होते, तेच त्यांनी उच्चारले. परंतु वर्गाने ते क्रियापद ऐकले आणि आम्हीही ऐकले.

ज्याच्या शिक्षणाला दुसऱ्याचा पैसा लागतो, त्याला भाषा कोठे उभे करते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

काही प्रचलित क्रियापदे

प्रथम ‘पोसणे’ घेऊ. आई मुलाला पोसते, शेतकरी जगाला पोसतो; तेथे हा शब्द मायेचा आहे. पण तोच शब्द घराबाहेर आला की त्याचा रंग पालटतो. ‘यांना आम्ही पोसतो’ या वाक्यात पोसला जाणारा लाचार ठरतो. ‘पोसलेला’ हे विशेषण तर आता शिवीसारखेच वापरले जाते. घासावर हक्क पोसणाऱ्याचा असतो, ही कल्पना त्या शब्दाला चिकटून राहिली आहे.

‘दत्तक घेणे’ हा शब्द अलीकडे शैक्षणिक मदतीसाठी सर्रास योजला जातो. ‘दत्त’ म्हणजे दिलेला, आणि ‘दत्तक’ म्हणजे दिले गेलेले मूल. या शब्दात देणगीची वस्तू पैसा नसून ते मूलच आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, सहा महिने पाचटाच्या खोपीत राहून तिच्यासाठी राबत आहेत, तिचा वर्षाचा खर्च कोणी सद्गृहस्थ देत असतील, तर तो निश्चितच गौरवाचा विषय आहे. परंतु तिला ‘दत्तक घेतले’ असे म्हणताना तिच्या हयात आईवडिलांना आपण वाक्यातून काढून टाकतो.

‘पुरस्कृत करणे’ हा शब्द मुळात सुंदर आहे. ‘पुरस्’ म्हणजे पुढे, तेव्हा पुरस्कार करणे म्हणजे पुढे करणे, पुढे आणणे. समतेचा पुरस्कार करणे असे आपण म्हणतो, तेव्हा हाच अर्थ असतो. विद्यार्थ्याला पुरस्कृत करणे म्हणजे त्याला पुढे आणणे, हे योग्यच. प्रत्यक्षात मात्र कार्यक्रमाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत पुढे येतो तो पुरस्कर्ता. ‘प्रायोजित करणे’ हा शब्द त्याहून कोरडा असून तो क्रिकेटच्या सामन्याला आणि दूरचित्रवाणीवरील मालिकेला अधिक शोभतो.

‘अनुदान’ हा शासनाचा शब्द. अनुदानित आणि विनाअनुदानित या दोन विशेषणांत महाराष्ट्रातील किती शिक्षकांचे तारुण्य सरले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. त्याच दप्तरातून अलीकडे ‘लाभार्थी’ हा शब्द आला. विद्यार्थी म्हणजे विद्येची इच्छा धरणारा. त्याच रीतीने लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. योजनेच्या तक्त्यात हा शब्द ठीक असेल. परंतु वसतिगृहाच्या नोंदवहीत विद्यार्थ्याचा लाभार्थी झाला, की त्याची इच्छाच आपण बदलून टाकतो.

काही शब्द मात्र माणसाला माणसाशेजारी उभे करतात. ‘अर्थसाहाय्य’ या जड भासणाऱ्या शब्दात ‘सहाय’ हा शब्द दडला आहे. सहाय म्हणजे सोबत जाणारा, सोबती. पालीतही सहाय म्हणजे मित्र. अर्थात साहाय्य म्हणजे मूलतः सोबत. ‘हातभार लावणे’ हा तर बाजाराच्या आणि शेताच्या वाटेवरचा शब्द. डोक्यावर भारा चढवताना शेजारच्याने हात लावायचा. भारा ज्याचा त्यानेच वाहायचा. ‘पाठबळ देणे’ म्हणजे पाठीशी उभे राहणे; येथे देणारा मागे असतो आणि घेणारा पुढे. आणि ‘पदरमोड करणे’ हा शब्द ज्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी स्वतःच्या पगारातून मुलांच्या वह्या आणल्या, त्यांच्यासाठी राखून ठेवावा असा आहे. त्यांची नावे कोणत्याही यादीत नसतात.

‘देणे’ : तीन उपयोग

या सर्वांच्या तळाशी मराठीतील अगदी साधे क्रियापद आहे : देणे. त्याचे तीन उपयोग येथे पाहू.

पहिला उपयोग सर्वांच्या ओळखीचा. ‘ताईंनी शाळेला पुस्तके दिली.’ येथे ‘शाळेला’ ही चतुर्थी महत्त्वाची आहे. ‘शाळेत पुस्तके ठेवली’ किंवा ‘शाळेसाठी पुस्तके घेतली’ या वाक्यांत पुस्तकांवरचा ताईंचा हक्क संपलेला नाही. ‘शाळेला दिली’ म्हटल्यावर तो संपतो. दिलेल्या वस्तूवरून देणाऱ्याचा हात निघाला नाही, तर व्याकरणाच्या दृष्टीनेही ते देणे अपुरे आहे. याच्या जवळचे पण वेगळे रूप म्हणजे ‘देऊ करणे’. ‘त्यांनी पाच हजार रुपये देऊ केले’ याचा अर्थ ते मिळालेच असा नव्हे. सभेत टाळ्यांच्या गजरात देऊ केलेली रक्कम आणि पावती फाडून घेतलेली रक्कम यांतील अंतर कोणत्याही खजिनदाराला विचारावे.

दुसरा उपयोग साहाय्यक क्रियापदाचा : ‘जाऊ देणे’, ‘बसू देणे’, ‘शिकू देणे’. येथे वस्तू कोणतीच दिली जात नाही; वाट मोकळी केली जाते. आपल्या समाजाचा इतिहास या दुसऱ्या उपयोगाच्या नकारात लिहिलेला आहे. पाणी भरू दिले नाही. वर्गात बसू दिले नाही. शिकू दिले नाही. पैसा देण्याचा प्रश्न फार नंतरचा; आधी प्रश्न होता तो शिकू देण्याचा.

तिसऱ्या उपयोगात ‘देणे’ हे क्रियापद राहत नाही, ते नाम होते. ‘वाण्याचे देणे’, ‘देणे फेडणे’, ‘देणे बुडवणे’. येथे देणे म्हणजे कर्ज, जे द्यायचे राहिले आहे ते. त्यावरून ‘देणे लागणे’ हा वाक्प्रचार झाला. ‘मी तुमचे शंभर रुपये देणे लागतो.’ विजेच्या बिलाला कार्यालयीन मराठीत ‘देयक’ म्हणतात आणि भरावयाच्या रकमेला ‘देय’. एकाच शब्दाने दान आणि कर्ज, दोन्ही सांगण्याची ही सोय मराठीने करून ठेवली आहे. आपल्या सभांतून ‘आपण समाजाचे देणे लागतो’ हे वाक्य इतक्यांदा उच्चारले जाते की त्यातील हिशेब आपल्याला ऐकूच येत नाही. तो हिशेब आपल्या डोंगरांत फार पूर्वी कोरून ठेवलेला आहे.

लेण्यांतील शब्द : देयधम

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत शेकडो दानलेख आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा येणारा शब्द म्हणजे ‘देयधम’. आजच्या उच्चारात देयधम्म. ज्या वस्तूचे दान झाले, तिला हे नाव. या शब्दातील ‘देय’ तोच, जो आज आपल्या वीजबिलावर आहे : द्यावयाचे, देण्याजोगे.

हे देयधम केवळ राजांचे नव्हते. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने लेण्याकडची वाट दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दाराच्या कामासाठी दान दिले, तर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते शैलगृह पूर्णत्वास नेले. कार्ल्याचे अनेक खांब एकेका दात्याचे आहेत आणि त्यांत यवनही आहेत. ज्याला जेवढे शक्य, तेवढे त्याने दिले. चैत्यगृह मात्र सर्वांचे एक झाले. लोहाराने दिलेल्या वाटेवरून श्रेष्ठीही चालत गेला असेल.

आर्थिक पाठबळ म्हणजे काय, याचा सर्वांत स्पष्ट धडा नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले. वर्ष ४२ मधील त्याच्या लेखात लेण्याबरोबरच एक ‘अखयनिवि’ दिल्याची नोंद आहे. अखयनिवि म्हणजे क्षय न पावणारी ठेव. आजच्या भाषेत कायम ठेव. रक्कम होती ३००० कार्षापण. ती त्याने संघाच्या हाती सोपवून दिली नाही, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, आणि दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने.

आता हे गणित मुलांनी सोडवून पाहावे. २००० वर शेकडा एकप्रमाणे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. लेखात म्हटले आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे व्याज ९० कार्षापण. ते भिक्खूंच्या इतर गरजांसाठी. म्हणजे दात्याने आधी रक्कम ठरवून मग तिचा उपयोग शोधला नव्हता. किती जण राहणार, प्रत्येकाला किती लागणार, हे आधी ठरवून त्यावरून मुद्दल काढले होते.

याच लेखात ‘देणे’ या धातूचे एक विलक्षण रूप आले आहे : ‘अपडिदातवा’. ‘पडि’ म्हणजे प्रति, परत. ‘दातवा’ म्हणजे द्यावयाचे. आणि आरंभीचा ‘अ’ नकाराचा. हे कार्षापण परत द्यावयाचे नाहीत, केवळ त्यांची वाढ, म्हणजे व्याज, उपभोगायचे आहे. व्यवहाराची नोंद निगमसभेत करून ठेवली, हेही लेखात आहे. दात्याचा हात वस्तूवरून पूर्णपणे निघाला पाहिजे, हा वर सांगितलेला व्याकरणाचा नियम येथे कायद्याच्या भाषेत कोरलेला दिसतो. श्रेणीने मुद्दल परत करायचे नाही, दात्याने मागायचे नाही आणि भिक्खूने कोणाचे मिंधे राहायचे नाही. चीवर घेताना उषवदाताच्या दारी कोणालाही उभे राहावे लागत नव्हते. व्याज विणकरांच्या कामातून येत होते. ज्यांच्या मागांवर कापड विणले जाई, त्यांच्याच श्रमातून भिक्खूंच्या अंगावर वस्त्र येई, हा योगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आलेले आणि न आलेले

विनयपिटकातील अनाथपिंडिकाची कथा या वाचकांना परिचित आहे. जेतवन मिळवण्यासाठी त्याने भूमीवर नाणी अंथरली. थोडी जागा उरली, तेव्हा जेत राजकुमाराने ती नाण्यांनी झाकू दिली नाही. एवढे माझे देणे असू दे, असे सांगून तेथे त्याने स्वतः द्वारकोष्ठक बांधले. विकणाराही शेवटी देणारा झाला. मात्र कथेचा कमी सांगितला जाणारा भाग पुढे आहे. विहार उभा राहिल्यावर त्याचे काय करू, असे गृहपतीने विचारले. भगवान बुद्धांनी सांगितले की तो चारही दिशांच्या, आलेल्या आणि अद्याप न आलेल्या संघासाठी प्रतिष्ठित कर.

‘आगत-अनागत’ या शब्दाचे मोल निवासी शाळेइतके कोणाला कळेल? वसतिगृहाची खोली बांधणारा दाता ज्या मुलीसाठी ती बांधतो, ती कदाचित अजून जन्मलेलीही नसते. तिने त्याचे आभार मानण्याची शक्यता नाही, आणि तिला उभे करून तिचे नाव विचारण्याची त्याला सोय नाही.

पैसा दिला, राहू दिले नाही

आता आपल्या काळाकडे येऊ. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्या काळी एवढे पाठबळ देणारा राजा विरळा, आणि त्याचे ऋण आपला समाज कृतज्ञतेने मानतो. कराराप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत नाव बदलून उतरावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

या प्रसंगात ‘देणे’ या क्रियापदाचे पहिले दोन उपयोग समोरासमोर येतात. राजाने पैसा दिला होता. समाजाने राहू दिले नाही. पहिले देणे कितीही मोठे असले, तरी दुसऱ्यावाचून ते माणसाला छप्पर मिळवून देऊ शकत नाही. बाबासाहेबांनी पुढे जे संस्थात्मक काम उभारले, त्याचा प्रारंभ वसतिगृहाने व्हावा, हे म्हणूनच मला अर्थपूर्ण वाटते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू केले. विद्यार्थ्याला आधी राहू देणे, मग शिकू देणे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि त्या वाटेवर मुंबईचे सिद्धार्थ व औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. आपली निवासी शाळा त्याच वाटेवरची आहे.

आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे रुपयामागे पाच पैसे. हा हिस्सा मजुराचाही आहे आणि अधिकाऱ्याचाही. कान्हेरीच्या लोहाराचे आणि कार्ल्याच्या श्रेष्ठीचे प्रमाण एक करणारा हा नियम आहे. ज्याच्यापाशी बरेच उरले, त्याने थोडे टाकावे, असे त्यात नाही. मिळकत झाली की त्यातील एक भाग मुळातच आपला नाही, तो देय आहे, असे त्यात आहे.

आपण रोज ग्रहण करतो त्या पंचशीलातील दुसरे शील ‘अदिन्नादान’ या शब्दाभोवती आहे. ‘दिन्न’ म्हणजे दिलेले, ‘आदान’ म्हणजे घेणे. न दिलेले घेणे, यापासून विरत होण्याची ती प्रतिज्ञा. तेथेही देणे हाच धातू आहे. जे समाजाला देय आहे ते आपल्याजवळ ठेवून देणे हे त्या शीलाच्या किती जवळ जाते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या पगारपत्रकासमोर बसून करावा.

आपल्या नोंदवहीसाठी

या अभ्यासातून काही साध्या सूचना निघतात. शाळेच्या पत्रव्यवहारात ‘लाभार्थी’ न लिहिता ‘विद्यार्थी’च लिहावे. ‘फी माफ’ याऐवजी ‘फी शाळेने भरली’ किंवा ‘फी निधीतून भरली’ असे लिहावे. वस्तुस्थितीही तीच आहे. ‘दत्तक घेतले’ न म्हणता ‘वर्षाचा खर्च दिला’ म्हणावे. देणगीची वस्तू मूल नव्हे, पैसा आहे, हे वाक्यात स्पष्ट राहावे. कोणत्या मुलाचा खर्च कोणी दिला, हे खजिनदारांना ठाऊक असावे. वर्गाला ठाऊक असण्याचे कारण नाही. आणि शक्य असेल त्याने कायम ठेवीत द्यावे, म्हणजे मुद्दल अपडिदातवा राहील आणि व्याजावर अद्याप न आलेली मुले शिकतील.

माजी विद्यार्थ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्यापैकी कित्येकांना ‘मी दुसऱ्याच्या पैशावर शिकलो’ हे वाक्य आजही जड जाते. काही जण त्या संकोचापायी शाळेच्या वाटेला फिरकत नाहीत. त्यांनी वाक्य बदलून पाहावे : ‘माझ्या शिक्षणाचे देणे आहे.’ या वाक्यात मान खाली घालण्यासारखे काही नाही. वाण्याचे देणे असलेला माणूस मिंधा नसतो. हिशेब पुढच्या महिन्यात पुरा करणारा तो नेहमीचा गिऱ्हाईक असतो. फरक इतकाच की हे देणे ज्याने दिले त्याला परत करायचे नाही. ते पुढच्या बाकावर बसणाऱ्याला द्यायचे आहे.

आता देणगीदारांची यादी पुन्हा एकदा उघडावी. पाचशे रुपये आणि पाच लाख रुपये तेथे एकाखाली एक छापलेले आहेत, ते तसेच असावेत. त्या यादीला मथळा द्यायचा झाला, तर मी ‘यांनी उपकार केले’ असा देणार नाही. ‘यांनी आपले देणे दिले’ असा देईन. आणि त्याखाली पुढील वर्षासाठी थोडी जागा कोरी सोडीन.